सोशल मीडियावरून तुमच्या वेबसाइटवर ग्राहक कसे आणायचे? हापूसच्या उदाहरणासह संपूर्ण माहिती

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी काही ना काही व्यवसाय असतो. कोणाची आई मसाले करते, कोणाच्या काकांचं दुकान असतं, कोणाची गावाकडे आंब्याची बाग असते. आणि घरात स्मार्टफोन सगळ्यात चांगला तुम्हालाच येतो, म्हणून एक दिवस सगळे तुम्हाला सांगतात, "अरे, आपलं इन्स्टाग्राम पेज काढ ना!" पेज निघतं, रील्स टाकल्या जातात, लाइक्सही येतात. पण महिन्याभराने घरचे विचारतात की यातून ऑर्डर किती आल्या, तेव्हा उत्तर सापडत नाही.

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "फॉलोअर्स कसे वाढवायचे?" माझ्या मते प्रश्न वेगळा असायला हवा: सोशल मीडियावर जो माणूस तुम्हाला पाहतो, तो तुमच्या स्वतःच्या जागेपर्यंत, म्हणजे वेबसाइटपर्यंत किंवा तुमच्या ग्राहकयादीपर्यंत कसा पोहोचेल? आजच्या लेखात आपण हेच सविस्तर पाहणार आहोत.

उदाहरण म्हणून मी देवगडच्या हापूसचं घेतलंय. कारण त्याचा हंगाम जेमतेम दोन-तीन महिन्यांचा असतो. तेवढ्या दिवसांत ग्राहक मिळाला नाही, तर आंबा वाशी मार्केटला पाठवून मिळेल तो भाव घ्यावा लागतो. शिवाय बाजारात दुसरीकडचा आंबाही 'देवगड हापूस' म्हणून विकला जातो, त्यामुळे ग्राहकाच्या मनात आधीच शंका असते. कमी वेळ आणि विश्वासाचा प्रश्न, दोन्ही इथे एकत्र येतात. तुमचा व्यवसाय दुसरा असला तरी पद्धत हीच राहील.

## फॉलोअर्स तुमचे नसतात, का ते समजून घ्या

इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवरचं पेज म्हणजे भाड्याच्या जागेतलं दुकान. जागा चांगली आहे, गर्दीही आहे, पण मालक दुसरा आहे. तो नियम बदलू शकतो, दुकान बंदही करू शकतो. हे नुसतं घाबरवण्यासाठी सांगत नाहीये. काही घटना आठवा:

- ऑर्कुट एकेकाळी आपल्याकडे खूप चालायचं. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं.
- गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झालं.
- २९ जून २०२० ला भारत सरकारने ५९ ॲप्सवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. गावागावांतल्या मराठी मुलामुलींनी तिथे जमवलेले फॉलोअर्स एका रात्रीत हातातून गेले.
- ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडले होते. तिन्ही एकाच कंपनीचे आहेत, हे त्या रात्री अनेकांना पहिल्यांदा जाणवलं.

आणि ॲप चालू असलं तरी तुमची पोस्ट सगळ्या फॉलोअर्सना दिसत नाही. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की फीडमध्ये मित्र आणि कुटुंबाच्या पोस्ट्सना पेजेसपेक्षा जास्त प्राधान्य मिळेल. म्हणजे ज्यांनी मेहनतीने पेज वाढवलं होतं, त्यांची पोहोच कमी झाली आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती.

म्हणून सोशल मीडिया सोडून द्यायचा का? अजिबात नाही. बाजारात गर्दी आहे तिथे जायचंच. फक्त तिथल्या माणसाला आपल्या घराचा पत्ता द्यायचा.

## पायरी १: आधी स्वतःची जागा तयार करा

जाहिरात करण्याआधी माणूस जिथे येणार आहे ती जागा नीट हवी. हंगाम सुरू व्हायच्या महिनाभर आधी हे काम उरकून घ्या.

स्वतःचं डोमेन घ्या. डोमेन म्हणजे वेबसाइटचं नाव. ते दर वर्षी नूतनीकरण करावं लागतं, पण तोपर्यंत ते तुमचंच असतं. डॉट कॉम किंवा डॉट इन घ्या. देवनागरीतलं डॉट भारत डोमेनही २०१४ पासून उपलब्ध आहे, पण ते एकटं घेऊ नका. अनेकांना मोबाईलवर देवनागरी पत्ता टाइप करायची सवय नसते. डोमेन स्वतःच्या ईमेलवर आणि स्वतःच्या नावावर घ्या. वेबसाइट बनवून देणाऱ्याच्या नावावर राहिलं, तर उद्या भांडण झाल्यावर नावही जातं.

वेबसाइट एका पानाची चालेल, पण त्यावर या गोष्टी हव्यात:

1. काय विकता आणि कुठलं आहे: गाव, तालुका, बागेचा खरा फोटो.
2. पेटी किती डझनाची, एका फळाचं साधारण वजन, किंमत. "भावासाठी मेसेज करा" असं लिहू नका. निम्मे लोक तिथूनच परत जातात असा माझा अनुभव आहे.
3. कोणत्या शहरात पोहोचवता, किती दिवसांत, वाहतूक खर्च धरून की वेगळा.
4. फळ खराब निघालं तर काय करणार. हापूसमध्ये 'साका' बाहेरून दिसत नाही, हे प्रत्येक बागायतदाराला माहीत असतं. मग त्याबद्दल आधीच लिहा: "साका निघाला तर फोटो पाठवा, आम्ही फळ बदलून देऊ." जे नियम तुम्ही पाळू शकता तेच लिहा.
5. ऑर्डरचं एकच ठळक बटण. फॉर्म किंवा व्हॉट्सॲप, पण एकच.

वेबसाइट हलकी ठेवा. गावाकडच्या नेटवर स्वतःच्या फोनवर उघडून बघा. मोठमोठे फोटो टाकून पान उघडायला वेळ लागला, तर पाहणारा थांबत नाही.

लिंक पाठवल्यावर ती कशी दिसते ते तपासा. व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की खाली फोटो आणि शीर्षक येतं ना, ते वेबसाइटमधल्या 'ओपन ग्राफ' नावाच्या माहितीतून येतं. वर्डप्रेससारख्या सोयींमध्ये एसईओ प्लगइनमधून ती भरता येते. फोटो १२०० बाय ६३० पिक्सेलचा ठेवा. फोटो नसलेली कोरी लिंक लोकांना फसवणुकीची वाटते, आणि आजकाल तसं वाटणं चुकीचंही नाही.

गूगल बिझनेस प्रोफाइल बनवा. हे मोफत आहे. तुमचं दुकान किंवा विक्रीचं ठिकाण असेल तर ते गूगल मॅप्सवर दिसतं आणि लोकांना रिव्ह्यू देता येतो. रील पाहिल्यावर बरेच जण आधी गूगलवर नाव शोधून बघतात. तिथे काहीच सापडलं नाही तर विश्वास बसत नाही.

## पायरी २: कोणत्या ॲपवर लिंक कुठे चालते?

ही माहिती नीट वाचा, कारण इथेच बहुतेकांची मेहनत वाया जाते. बहुतेक ॲप्सना माणूस आपल्या आतच राहायला हवा असतो, त्यामुळे बाहेरच्या लिंकसाठी जागा मोजक्याच ठेवलेल्या असतात.

इन्स्टाग्राम: कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबता येत नाही. लिंक चालते ती बायोमध्ये आणि स्टोरीच्या लिंक स्टिकरमध्ये. एप्रिल २०२३ पासून बायोमध्ये पाच लिंक टाकता येतात, पण हंगामात एकच ठेवा: ऑर्डरची. स्टोरी २४ तासांनी जाते, पण ती हायलाइटमध्ये ठेवली की स्टिकरची लिंक चालू राहते. 'दर', 'ऑर्डर', 'ग्राहक काय म्हणतात' असे तीन हायलाइट पुरे आहेत.

अजून एक. प्रोफाइलच्या 'नेम' या रकान्यात फक्त ब्रँडचं नाव टाकू नका. 'देवगड हापूस आंबा' असं तुम्ही काय विकता तेही टाका, कारण शोधताना हा रकाना उपयोगी पडतो. आपल्याकडे बरेच जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करून शोधतात. म्हणून नाव एका लिपीत ठेवलं तर बायोत आणि कॅप्शनमध्ये दुसऱ्या लिपीतही तेच शब्द येऊ द्या.

यूट्यूब: शॉर्ट्सच्या वर्णनातल्या आणि कमेंटमधल्या लिंक ३१ ऑगस्ट २०२३ पासून दाबता येत नाहीत. शॉर्टला तुमचा मोठा व्हिडिओ जोडता येतो आणि मोठ्या व्हिडिओच्या वर्णनात वेबसाइटची लिंक देता येते. यूट्यूबचा खरा फायदा वेगळा आहे. रील दोन-चार दिवसांत मागे पडते, पण "खरा देवगड हापूस कसा ओळखायचा" हा व्हिडिओ लोक पुढच्या वर्षीही शोधून बघतात. म्हणून हंगाम नसताना यूट्यूबचं काम करा.

फेसबुक: तुमच्या वयाचे मित्र तिथे कमी दिसत असतील, पण पेटी विकत घेणारे काका-मावशी तिथे आहेत. पुणे, ठाणे, डोंबिवली, नाशिक अशा शहरांचे आणि सोसायट्यांचे ग्रुप तिथे असतात. ग्रुपमध्ये थेट जाहिरात टाकू नका, आधी ॲडमिनला विचारा. परवानगी न घेता टाकलेली पोस्ट तर उडतेच, वर नावही खराब होतं.

व्हॉट्सॲप: यासाठी व्हॉट्सॲप बिझनेस ॲप वापरा. त्यात कॅटलॉग, ठरलेली उत्तरं आणि चॅटची छोटी लिंक मिळते. ब्रॉडकास्ट यादीत एका वेळी २५६ जण घेता येतात, आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज जातो. म्हणून प्रत्येक पेटीत एक चिठ्ठी टाका: "आमचा नंबर सेव्ह करून ठेवा, पुढच्या वर्षी पहिली पेटी निघाली की कळवू." ही साधी चिठ्ठी कितीतरी रील्सपेक्षा जास्त काम करते.

मात्र ज्याने संमती दिली नाही, त्याला मेसेज करू नका. लोकांनी ब्लॉक किंवा रिपोर्ट केलं की नंबरच बंद होऊ शकतो. आणि ज्या नंबरवर सगळा व्यवसाय आहे तोच बंद झाला, तर ऐन एप्रिलमध्ये काय करणार?

एक छुपी अडचण: इन्स्टाग्राम किंवा फेसबुकवरून लिंक उघडली की ती बरेचदा त्या ॲपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडते. तिथे ग्राहक आधी लॉगिन केलेला नसतो आणि काही वेळा यूपीआय ॲप उघडायला अडकतं. म्हणून स्वतः मित्राच्या फोनवरून इन्स्टाग्राममधूनच एक ऑर्डर शेवटपर्यंत करून बघा. पैसे भरण्यापर्यंत सगळं नीट झालं तरच पुढे जा.

## पायरी ३: काय पोस्ट करायचं?

"रोज एक रील टाका" असा सल्ला सगळे देतात. बागेत काम करणाऱ्या माणसाला ते जमत नाही आणि त्याची गरजही नाही. मी म्हणेन, हंगामाचं वेळापत्रक हेच तुमचं पोस्टचं वेळापत्रक करा:

- मोहोराचे दिवस (साधारण नोव्हेंबर ते फेब्रुवारी): मोहोर कसा आलाय, थंडी कमी-जास्त झाली तर काय होतं, तुडतुड्यांपासून कसं सांभाळतात. इथे काही विकायचं नाही, फक्त ओळख करून द्यायची. पोस्टच्या शेवटी: "पहिल्या पेटीची खबर हवी असेल तर बायोतल्या लिंकवर नाव नोंदवा."
- कैरी धरली की (मार्चच्या आसपास): यंदा पीक किती दिसतंय, पहिली उतरणी केव्हा अपेक्षित आहे. आगाऊ नोंदणी सुरू.
- उतरणी (एप्रिल-मे): झेल्याने आंबा देठासकट कसा काढतात, चीक फळावर का पडू द्यायचा नाही, पेटी कशी भरतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला 'नूतन झेला' शहरातल्या लोकांनी पाहिलेलाही नसतो. असे व्हिडिओ लोक मुद्दाम एकमेकांना पाठवतात.
- पेटी घरी पोहोचल्यावर: आंबे पेंढ्यात कसे पिकवायचे, कच्चे आंबे फ्रिजमध्ये का ठेवू नयेत, तयार झालेला आंबा कसा ओळखायचा. या माहितीमुळे तक्रारी कमी होतात, कारण बऱ्याच तक्रारी फळाच्या नसतात, पिकवण्याच्या असतात.
- पावसाळा: ग्राहकांनी पाठवलेले फोटो, आमरस, आणि पुढच्या वर्षासाठी नावनोंदणी.

आता कॅप्शन कसं लिहायचं ते पाहू.

नेहमीचं कॅप्शन असं असतं: "१००% ओरिजिनल प्रीमियम क्वालिटी देवगड हापूस! आजच ऑर्डर करा! त्वरा करा!" असं तर सगळेच लिहितात, खोटा आंबा विकणाराही हेच लिहितो.

त्याऐवजी असं लिहा: "आज सकाळी वरच्या बागेतली दुसरी उतरणी झाली. ५ डझनाच्या १८ पेट्या भरल्या, त्यातल्या ११ आधीच ठरलेल्या आहेत. उरलेल्या ७ गुरुवारी पुण्याला निघतील. दर आणि नोंदणी बायोतल्या लिंकवर." यात तारीख आहे, आकडा आहे, ठिकाण आहे. हे सगळं पडताळता येतं, म्हणून विश्वास बसतो. आणि शेवटी एकच काम सांगितलंय. लाइक करा, शेअर करा, फॉलो करा, लिंक उघडा, अशी चार कामं सांगितली की माणूस एकही करत नाही. अर्थात आकडे खरेच हवेत. "फक्त ७ उरल्या" असं रोज लिहिलंत तर दुसऱ्या आठवड्यात लोक ओळखतात.

## पायरी ४: मोजायचं कसं?

व्ह्यूज आणि लाइक्स बघायला छान वाटतं, पण निर्णय त्यावर घेऊ नका. समजा तुमच्या दोन रील्स आहेत:

- पहिली: गाणं लावलेली मजेशीर रील. ५०,००० व्ह्यूज, वेबसाइटवर आले ४० जण, ऑर्डर १.
- दुसरी: पेटी भरतानाची साधी रील. ३,००० व्ह्यूज, वेबसाइटवर आले १२० जण, ऑर्डर ९.

इन्स्टाग्रामच्या आकड्यांवरून पहिली हिट वाटेल, पण घरात पैसे आणले दुसरीने. हा फरक कळण्यासाठी वेबसाइटवर गूगल ॲनालिटिक्स बसवा. ते मोफत आहे.

पण त्यातही एक गोची आहे. व्हॉट्सॲपवरून आलेला माणूस ॲनालिटिक्समध्ये बरेचदा 'डायरेक्ट' म्हणून दिसतो, म्हणजे तो कुठून आला ते कळत नाही. यावर उपाय म्हणजे यूटीएम. लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन तीन खुणा जोडायच्या:

- सोर्स: कुठून आला (इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, फेसबुक)
- मीडियम: कशातून (बायो, स्टोरी, ब्रॉडकास्ट, जाहिरात)
- कॅम्पेन: कशासाठी (पहिली उतरणी, आगाऊ नोंदणी)

हे हाताने लिहायची गरज नाही. गूगलचं 'कॅम्पेन यूआरएल बिल्डर' मोफत आहे, त्यात रकाने भरले की लिंक तयार मिळते. एक काळजी घ्या: या खुणा इंग्रजी लहान अक्षरांतच लिहा. एकदा मोठं अक्षर आणि एकदा लहान वापरलं तर ॲनालिटिक्स त्यांना दोन वेगळी ठिकाणं समजतं.

हे सगळं अवघड वाटत असेल तर एक देशी उपाय सांगतो. ऑर्डर फॉर्ममध्ये एक प्रश्न टाका: "आमच्याबद्दल कुठे कळलं?" फोनवर ऑर्डर आली तरी हा प्रश्न विचारून वहीत लिहा. आठवड्याच्या शेवटी मोजा. इतकं केलं तरी तुम्ही बऱ्याच जणांच्या पुढे असाल.

## पायरी ५: पैसे देऊन जाहिरात करावी का?

करा, पण वरच्या चार पायऱ्या झाल्यावरच. गळक्या हंड्यात कितीही पाणी ओता, भरत नाही.

1. जी पोस्ट पैसे न देता चालली, म्हणजे जिने वेबसाइटवर लोक आणले, तिलाच बूस्ट करा. पडलेली पोस्ट पैशाने उठत नाही.
2. बूस्ट करताना ॲप उद्देश विचारतं: प्रोफाइलवर भेटी, वेबसाइटवर भेटी की मेसेज. 'वेबसाइट' किंवा 'मेसेज' निवडा.
3. जिथे पेटी पोहोचवता तीच शहरं निवडा. पूर्ण महाराष्ट्र निवडलात तर जिथे तुमची गाडी जात नाही तिथे पैसे खर्च होतील.
4. जाहिरातीच्या खर्चावर १८% जीएसटी लागतो, तो हिशेबात धरा.
5. सुरुवात लहान रकमेने, तीन-चार दिवसांसाठी. मग भागाकार करा: खर्च भागिले ऑर्डर. समजा १,००० रुपये खर्चून ५ ऑर्डर आल्या, तर एका ऑर्डरमागे २०० रुपये गेले. पेटीमागे सुटणाऱ्या नफ्यातून ते परवडतात का? परवडत नसतील तर जाहिरात थांबवा, व्ह्यूज कितीही असोत.

## सावधान: या चुका महागात पडतात

फॉलोअर्स विकत घेऊ नका. ती खाती बनावट असतात, ती आंबा खात नाहीत. उलट फॉलोअर्स दहा हजार आणि लाइक्स बारा, हे पाहून खरा ग्राहक सावध होतो.

'तुमचं अकाउंट बंद होणार आहे' असे मेसेज. कॉपीराइटचं उल्लंघन झालंय किंवा ब्लू टिक मिळणार आहे असं सांगून लिंक पाठवतात. तिथे पासवर्ड टाकला की अकाउंट गेलं. सेटिंग्जमधल्या अकाउंट्स सेंटरमध्ये जाऊन टू-फॅक्टर ऑथेंटिकेशन आजच चालू करा आणि बॅकअप कोड कागदावर लिहून ठेवा.

यूपीआय फसवणूक. मोठी ऑर्डर देतो म्हणून क्यूआर कोड पाठवणारे असतात. लक्षात ठेवा, पैसे घेण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका, बँकेत पैसे जमा झालेले बघूनच पेटी पाठवा. ज्या काकांच्या फोनवर यूपीआय आहे, त्यांनाही हे समजावून सांगा.

इन्फ्लुएन्सरला पेटी भेट दिलीत तर ते उघड करायला सांगा. पैसे किंवा भेटवस्तू घेऊन केलेली शिफारस स्पष्टपणे जाहिरात म्हणून दाखवावी, अशा सूचना केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिल्या आहेत.

खोटे दावे करू नका. २०१८ मध्ये 'हापूस'ला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय मिळालं. ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी आहे. पण जिल्ह्यात बाग आहे म्हणून आपोआप हक्क मिळत नाही, जीआय वापरण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते. नोंदणी असेल तर तिचा उल्लेख वेबसाइटवर जरूर करा, कारण खोटा आंबा विकणाऱ्याकडे ती नसते. तसंच कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवण्यावर आपल्या देशात बंदी आहे. "कार्बाइडमुक्त" लिहिताना तुमच्याकडे आंबा पिकतो कसा, ते व्हिडिओत दाखवा.

## हंगामाआधीचा ३० दिवसांचा आराखडा

- पहिला आठवडा: डोमेन, एका पानाची वेबसाइट, गूगल बिझनेस प्रोफाइल, टू-फॅक्टर.
- दुसरा आठवडा: बायो, हायलाइट, व्हॉट्सॲप कॅटलॉग. गेल्या वर्षीच्या ग्राहकांना फोन करून "यंदा कळवू का?" असं विचारणं.
- तिसरा आठवडा: बागेत एक दिवस बसून दहा-बारा छोटे व्हिडिओ काढून ठेवणं. मूळ व्हिडिओ ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हमध्ये जपा, अकाउंट गेलं तरी ते राहतील.
- चौथा आठवडा: आठवड्याला तीन पोस्ट, प्रत्येकीत एकच काम सांगणं. रविवारी हिशेब: कुठून किती जण आले, किती ऑर्डर झाल्या. जे चाललं ते पुढच्या आठवड्यात वाढवणं.

## नेहमी विचारले जाणारे प्रश्न

वेबसाइट नसेल तर चालणार नाही का?
सुरुवातीला गूगल बिझनेस प्रोफाइल, एक फॉर्म आणि ग्राहकांची वही इतकंही चालेल. पण ग्राहकांची यादी ॲपच्या बाहेर, तुमच्याकडे हवीच.

सगळ्या ॲप्सवर असायला हवं का?
नाही. जिथे तुमचा ग्राहक आहे ती दोन ॲप्स पुरे. आंब्यासाठी मी व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम किंवा फेसबुक यांपैकी एक निवडेन.

हॅशटॅग किती टाकायचे?
तीन-चार, नेमके. वस्तू, गाव आणि शहर. 'व्हायरल' हा हॅशटॅग टाकून कोणाचीही पेटी विकली जात नाही.

ग्राहक यायला किती दिवस लागतात?
नवीन पेजला पहिल्या वर्षी ओळखीचे आणि त्यांच्या ओळखीचे लोकच जास्त येतात. खरा फायदा दुसऱ्या हंगामात दिसतो, पण पहिल्या वर्षीची यादी जपली असेल तरच.

## शेवटी एवढंच

या वर्षी तुमच्याकडे ५० ग्राहकांची नावं, नंबर आणि त्यांची संमती वहीत असेल, तर उद्या कुठलंही ॲप बंद पडलं तरी पुढच्या मोसमातल्या पहिल्या ५० पेट्या कोणाला विचारायच्या ते तुम्हाला माहीत असेल. दलाल सांगेल त्याच भावाला आंबा द्यायची वेळ मग येत नाही. ती यादी भरेपर्यंत फॉलोअर्सचा आकडा बाजूला ठेवा.

आज एकच करा: तुमच्या पेजची बायो उघडा, तिथली लिंक स्वतः दाबा आणि ऑर्डरपर्यंत पोहोचता येतं का ते बघा. अडकलात तर दुरुस्तीची सुरुवात तिथूनच. आणि ज्या मित्राच्या घरी बाग, दुकान किंवा घरगुती उद्योग आहे, त्याला हा लेख नक्की पाठवा.